तीन बोटं पलीकडे

नोल्फा बार्रिआने कॅमेरा काउंटरवर ठेवला
लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला,
म्हणाली, देल्मिरो, ह्याचं डोकं फिरलंय.
चेलीन बेटावरच्या शाळेत सात पोरं उभी केली,
सातही धुरकट,
मागच्या भिंतीवरचा नकाशा मात्र असा लख्ख
की एकेका बेटाचं नाव वाचून घ्या.

सोबत तिचा आब्नेर, दहाएक वर्षांचा.
दारापाशीच थांबला, शेगडीकडे आला नाही,
आणि बाहेर तर कास्त्रोचा जुलै,
धक्क्यावरची कुत्रीसुद्धा आडोशाला गेलेली.

आधी साधं बघायचं.
चाळीस वर्षं मी बोटींचे रेडिओ दुरुस्त केले,
त्यातली निम्मी गेली
लोकांनी बंद ठेवलेली बटणं चालू करण्यात.
लेन्सच्या कडेचा खटका पाहिला. जागेवर.
काच पुसली.
ज्या सोनेरी टिकल्यांमधून लेन्स कॅमेऱ्याशी बोलते
त्यांवर मिठाचा पापुद्रा होता,
तो स्पिरिटच्या बोळ्याने काढला.
इथे मीठ सगळ्यावरच बसतं, माझ्या चष्म्यावरही.

बटण अर्धं दाबलं.
लेन्स कुरकुरली, पुढे गेली, मागे आली,
आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखी
हवा चाचपत राहिली.
तिचंही बरोबर.
धुक्यात, कोऱ्या भिंतीवर, अंधारात
तिला धरायला काही सापडत नाही.
कड लागते. एखादी रेघ, सुरकुती.
दिवा जवळ ओढला आणि माझाच हात पुढे केला,
सुरकुत्यांना तोटा नाही.
नेम नखावर.
बीप.
पडद्यावर मोठं करून पाहिलं:
नख पुसट. मनगटावरचे केस मोजून घ्या.

मग पट्टी. तिरकी टेकवलेली लाकडी पट्टी,
तिपाईवर कॅमेरा, नेम दहाच्या आकड्यावर.
दहा फोटो. दहाही वेळा तेरा स्पष्ट.
म्हणजे हा आंधळा नाही,
हा अगदी नीट बघतो,
फक्त तीन बोटं पलीकडे.
असा एक मेहुणा आहे मला.

लेन्स काढून दिव्याखाली फिरवली
आणि जिथे ती कॅमेऱ्याला बसते त्या कड्यावर
नखाएवढा पोचा.
पोच्यात निळा रंग.
बोटीचा निळा,
उरला की आम्ही कुंपणालाही फासतो तो.
मी वर पाहिलं नाही.
पोराच्या बुटांकडे पाहिलं.

पडला होता का कुठे?
छे, नोल्फा म्हणाली, पोटच्या पोरासारखा जपते मी ह्याला.
पोटचं पोर भिंतीतले खिळे मोजत होतं.

समुद्राची हवा, मी म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते,
मीठ मीच पुसलं होतं.

मेन्यूत शिरलो. उणे सात: अकरा स्पष्ट.
उणे नऊ: दहा.
तिला सांगितलं, हा इलाज नव्हे,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली
कागदाची घडी सरकवलीय, एवढंच.
झूम पूर्ण ओढलीस तर परत चुकेल.
नवं कडं सांतियागोहून येईल
वसंतात,
नाहीतर नाही.

ये रे इकडे, उजेडात.
आब्नेर आला. नेम जवळच्या डोळ्यावर.
बीप.
पापणीचा एकेक केस,
बुबुळात खिडकी, दिवा,
आणि दिव्याशेजारी मी, वाकलेला.
नोल्फाने पडदा डोळ्यांशी नेला.
एवढा घाबरलेला का दिसतोय हा?
कॅमेरा सुधारला, मी म्हटलं,
की माणसं अशीच दिसतात.
पावतीवर लिहिलं: सफाई.

गुरुवारी तो एकटाच आला.
अर्धी पिशवी शिंपले काउंटरवर ठेवले,
पाणी माझ्या स्क्रूंच्या डबीत गेलं.
ते कडं कितीला येतं?
मी आकडा सांगितला, थोडा उतरवून.
तो पिशव्यांत हिशोब करू लागला,
बोटांवर,
ओठ हलवत, मध्येच चुकत, परत पहिल्यापासून.
नखांत निळा रंग अजून होता.